तंबाखू ओढायची नव्हे, वाहायची

अमेरिकेतला आदिवासी म्हटला की डोक्यात पिसे आणि हातात ‘शांततेची चिलीम’, हे चित्र हॉलिवूडने आपल्या मनात पक्के बसवले आहे. तोरणासारखी पिसे लावलेली ती लांब दांड्याची चिलीम मुख्यतः पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या जमातींची. इथे ज्यांच्याविषयी सांगतो आहे ते होडेनोशोनी मात्र राहतात मुख्यतः न्यूयॉर्क राज्यात आणि सीमेपलीकडे, कॅनडात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि १७२२ च्या सुमारास येऊन मिळालेले टस्करोरा, अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. चिलीम तेही ओढत आले आहेत. पण विधीतली तंबाखू बहुतेक वेळा जाते ती विस्तवात.

ऐन हिवाळ्यातल्या मोठ्या उत्सवात, लाँगहाऊस या सभागृहवजा लांबट घरात, बोलणारा माणूस आगीवर तंबाखू टाकत जातो आणि पृथ्वी, पाणी, वनस्पती, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे अशी नावे घेत शेवटी निर्मात्याचे आभार मानतो. शब्द वर पोचवायचे काम धुराचे. तो धूर कोणी छातीत भरून घेत नाही, त्यामुळे ‘नशेत देव दिसतात म्हणून तंबाखू’ हा तर्क इथे निव्वळ चुकीचा आहे. आगीशिवायही ती वाहतात. औषधी मुळी खणायला गेलेला जाणकार पहिल्या सापडलेल्या झाडापाशी तंबाखू ठेवतो, कोणासाठी आणि कशाला हवी ते त्याला सांगतो, आणि मग पुढच्या झाडांना हात लावतो. मला या साऱ्यात सर्वात लोभस वाटते ते हे झाडाशी बोलणे.

सिगारेटमधली तंबाखू तीच, असेही अनेकांना वाटते. ती निकोटियाना टबॅकम. विधीतली ही निकोटियाना रस्टिका, बुटकी, पिवळ्या फुलांची आणि कितीतरी कडक. (हीच जात आपल्याकडे उत्तर बिहारात आणि कूचबिहारकडे पिकते, पण हुक्क्यासाठी आणि खाण्यासाठी.) होडेनोशोनींच्या उत्पत्तिकथेच्या काही रूपांत आकाशातून उतरलेल्या स्त्रीची लेक बाळंतपणात मरते आणि तिच्या देहातून मका, घेवडा, भोपळ्याबरोबर तंबाखूही उगवते.

मग ‘परंपराच तंबाखूची, तर व्यसनाला त्यांची हरकत कशी?’ असा प्रश्न येतो. हरकत आहे. मूळ रहिवाशांमधले आरोग्य कार्यकर्तेच विधीची तंबाखू आणि दुकानातली तंबाखू वेगळी काढून दाखवतात, आणि दुसरी सोडा म्हणून सांगतात. राखीव वसाहतींतल्या सिगारेट विक्रीवरून न्यूयॉर्क सरकारशी झालेले तंटे मात्र कराचे आणि सार्वभौमत्वाचे आहेत, धर्माचे नव्हेत.