स्तोत्रसंहिता म्हणजे सणांचे पंचांग नव्हे

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांचे विभाग पाच. यहुदी सणावारांना वाचायचे छोटे ग्रंथही पाचच: वल्हांडणाला गीतरत्न, सप्ताहांच्या सणाला रूथ, मंदिरनाशाच्या उपवासाला विलापगीत, मंडपांच्या सणाला उपदेशक आणि पुरीमला एस्तेर. पाचाला पाच जुळले की पुढचे अनुमान आपोआप निघते: स्तोत्रांचा क्रम सणांच्या क्रमानेच लावलेला असणार.

हिशेब देखणा आहे, पण त्याला आधार नाही. जुनी यहुदी परंपरा या पाच विभागांचे नाते मोशेच्या पाच ग्रंथांशी लावते, सणांशी नव्हे. शिवाय वल्हांडणाला जी ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणतात, तीच सप्ताहांच्या आणि मंडपांच्या सणालाही म्हणतात. आपल्या आरतीसंग्रहातली कोणती आरती कधी म्हणायची हे घरात सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून पुस्तकाची पाने काही सणवारांच्या क्रमाने लागत नाहीत. तसेच हे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या गुंडाळीत तर स्तोत्रांचा क्रमच निराळा आहे. गंमत अशी की त्याच गुंडाळीतल्या एका टिपणात दाविदाच्या नावावर वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक अशी ३६४ गीते, शब्बाथांसाठी ५२ आणि अमावास्येनंतरचा पहिला दिवस, सण व प्रायश्चित्ताचा दिवस यांसाठी ३० गीते मांडली आहेत. म्हणजे गीतांचे पंचांग बनवण्याची हौस जुनीच. आपल्या हाती असलेल्या दीडशे स्तोत्रांत मात्र ते पंचांग नाही.

११३ ते ११८ या गटाला ‘हल्लेल’ म्हणतात. मोठा सण म्हटला की हल्लेल असणारच, असे वाटते. पण वर्षातले दोन सर्वांत गंभीर दिवस, नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस, हल्लेलवाचून जातात. यहुदी धर्मचर्चेच्या तालमूद या ग्रंथात देवदूतच देवाला याचे कारण विचारतात. उत्तर मिळते की राजा न्यायासनावर बसला आहे, जीवन-मरणाच्या वह्या उघड्या आहेत. अशा वेळी ते गाणे कसे शोभेल? नववर्षाला अनेक समाजांत शिंग फुंकण्याआधी ४७वे स्तोत्र सात वेळा म्हणतात, पण तो हल्लेल नव्हे.

वल्हांडणाची गोष्ट याहून बारीक आहे. सणाचे शेवटचे सहा दिवस हल्लेल अपुरा म्हणतात. ११५ आणि ११६ या स्तोत्रांची पहिली अकरा-अकरा वचने गाळतात. समुद्रात बुडालेल्या मिसरी सैनिकांबद्दलची हळहळ, हे याचे कारण सगळीकडे ऐकायला मिळते. मिद्राश या जुन्या शास्त्रविवरणातून आलेले हे स्पष्टीकरण मनाला भिडते, म्हणूनच ते टिकले असावे. तालमूदचे कारण मात्र रुक्ष, जवळजवळ हिशेबी आहे. मंडपांच्या सणात अर्पणाच्या बैलांची संख्या पहिल्या दिवशी तेरा, मग बारा, अशी सातव्या दिवशी सातपर्यंत उतरते. प्रत्येक दिवसाचे अर्पण वेगळे, म्हणून प्रत्येक दिवसाला पूर्ण हल्लेल. वल्हांडणात रोज तेच दोन बैल, एक मेंढा, सात कोकरे. म्हणून आरंभीच तो पूर्ण.

१२० ते १३४ ही ‘वर चढण्याची’ पंधरा स्तोत्रे घ्या. यरुशलेमच्या मंदिराच्या पंधरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थांबून एकेक स्तोत्र, हे चित्र प्रवचनांतून फार रंगते. मिश्ना हा तालमूदचा मूळ नियमग्रंथ एवढेच सांगतो की मंडपांच्या सणातल्या रात्रीच्या उत्सवात मंदिरसेवक लेवी लोक वाद्ये घेऊन पंधरा पायऱ्यांवर उभे राहत, आणि त्या पायऱ्या या पंधरा गीतांइतक्याच होत्या. ही यरुशलेमला निघालेल्या यात्रेकरूंची गीते असावीत असेही अनेक अभ्यासक मानतात. आज अनेक अश्केनाझी (युरोपीय परंपरेच्या) सभास्थानांत ती म्हणतात हिवाळ्यातल्या शब्बाथांच्या दुपारी, म्हणजे मंडपांचा सण सरल्यावर.

अभ्यासकांनाही पंचांगाचा मोह सुटलेला नाही. नॉर्वेच्या सिगमुंड मोविंकेल यांनी १९२२ मध्ये ४७, ९३ आणि ९५ ते ९९ या स्तोत्रांवरून शरद ऋतूतल्या एका मोठ्या उत्सवाची कल्पना मांडली, ज्यात परमेश्वराचे राज्यारोहण साजरे होई. स्तोत्रांतल्या गर्जनांना त्यामुळे पार्श्वभूमी मिळते खरी. पण बायबलमधल्या सणांच्या याद्यांत असा उत्सव कुठेच नाही.

पुन्हा हल्लेलकडे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या रात्री हल्लेलची पहिली दोन स्तोत्रे जेवणाआधी, उरलेली जेवणानंतर म्हणतात. जेवणाआधी किती म्हणायची, यावर शम्मई आणि हिल्लेल या जुन्या गुरूंच्या शिष्यांत मतभेद होता: एकच, की दोन? हिल्लेलची बाजू टिकली.

आणि २७वे स्तोत्र? नववर्षाच्या आधीच्या महिन्यापासून मंडपांच्या सणाच्या अखेरीपर्यंत ते आज अनेक समाजांत रोज म्हणतात. त्यात ना महिन्याचे नाव, ना सणाचे. जुन्या मिद्राशने त्याच्या पहिल्या वचनात नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस पाहिला होता. रोज म्हणण्याची प्रथा मात्र साधारण तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनापुस्तकांतून रुजली, म्हणजे मंदिर पडून सोळा शतके उलटून गेल्यावर.