मोजके परवाने, सर्वांचे रान : कोलोराडोचे वार्तापत्र

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची हौशी शिकारही बंद झाली. त्यामुळे वन्यजीव खातेच दरवर्षी हरणांच्या शिकारीचे परवाने देते आणि तरीही ती हरणे टिकून राहतात, ही अमेरिकेच्या पश्चिम भागातील व्यवस्था मुळशी तालुक्यातील ताम्हिणीच्या रानालगत वाढलेल्या वाचकाला विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलेच गाव. तिथल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतून कोलोराडो राज्यात कामाला येणाऱ्यांच्या कानांवर सहकाऱ्यांच्या बोलण्यातून ही व्यवस्था कधी ना कधी पडते, आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज या देशाचे जंगलाशी असलेले नाते उमगत नाही.

एल्क हा हरणांच्या कुळातला, सह्याद्रीतील सांबराचा थोरला भाऊबंद म्हणावा असा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 300 किलोच्या आसपास भरते आणि त्याची फांद्याफांद्यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा नव्याने उगवतात. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी यांच्या बाजारासाठी या प्राण्याची एवढी कत्तल झाली की 1900 च्या सुमारास संपूर्ण उत्तर अमेरिकेत तो एक लाखही उरला नव्हता, आणि कोलोराडोत तर पुढे वायोमिंग राज्यातून एल्क आणून सोडावे लागले. आज खंडभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि त्यांतले सर्वाधिक, सुमारे तीन लाख, एकट्या कोलोराडोत आहेत. हा बदल घडवणाऱ्या कारणांत दोन कायदेशीर गोष्टी ठळक आहेत. पहिली अशी की रानातल्या सावजाचे मांस विकण्यावर बंदी आली आणि वन्य प्राणी जमीनमालकाचे नसून राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळते, हे तत्त्व रुजले. दुसरी अशी की 1937 च्या एका संघीय कायद्याने रायफली आणि काडतुसे यांच्या विक्रीवरील 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, त्यामुळे बंदूक विकत घेणारा प्रत्येक जण, तो रानात जावो अथवा न जावो, रानाच्या खर्चाला हातभार लावतो.

परवान्याची पद्धत वन्य प्राणी जनतेचे या तत्त्वातूनच निघालेली आहे. राज्याचे रान शंभराहून अधिक क्रमांकित विभागांत वाटलेले असून त्यांना येथे युनिट म्हणतात. हिवाळ्यात खात्याचे कर्मचारी हेलिकॉप्टरमधून कळपांची मोजणी करतात आणि शंभर माद्यांमागे किती नर व किती पाडसे आहेत याचा हिशेब मांडून पुढच्या वर्षी कोणत्या युनिटात किती परवाने द्यायचे ते ठरते. कळपाची एकूण संख्या मुख्यतः माद्यांच्या परवान्यांनी आवरली जाते, तर नरांचे परवाने कमी ठेवले की काही नर वयाने पोक्त होतात आणि त्यांची शिंगे भरदार होतात. अशा राखून ठेवलेल्या युनिटातील नराचा परवाना म्हणजेच मर्यादित टॅग, जो मुख्यतः सोडतीने मिळतो. अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत करायचा असतो. पहिल्या पसंतीचा परवाना न मिळालेल्या अर्जदाराच्या खात्यात एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे प्राधान्यगुण, जमा होतो आणि पुढील सोडतीत अधिक गुणवाल्याचा नंबर आधी लागतो. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील 2, 10 आणि 201 या नावाजलेल्या युनिटांसाठी वीसहून अधिक गुण लागतात, म्हणजे ऐन तारुण्यात पहिला अर्ज करणाऱ्याची पाळी येईपर्यंत त्याचे केस पांढरे होऊ लागलेले असतात. परवान्याचे शुल्क स्थानिकाला माफक, तर परराज्यातल्याला सातशे डॉलरहून अधिक पडते. या व्यवस्थेतली ही विषमता दुर्लक्षण्याजोगी नाही. मात्र सोडतीत पैसा टाकून रांग मोडता येत नाही, हा तिचा गुण त्याहून मोठा मानला पाहिजे.

परवाना हाती आल्यावरची पहिली तयारी नकाशाची असते. कोलोराडोतील एक तृतीयांशाहून अधिक जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे आणि तिच्या बहुतेक भागावर कोणाही नागरिकाला पायी हिंडण्याचा, तंबू ठोकण्याचा आणि परवाना असल्यास शिकार करण्याचा हक्क आहे. नकाशावर राष्ट्रीय वनांची जमीन हिरवी, भूव्यवस्थापन खात्याची पिवळी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. पश्चिमेकडे काही भागांत या जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक पडलेल्या असल्याने एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाताना त्यांचा सामाईक कोपराच काय तो ओलांडायला मिळतो. वायोमिंगमध्ये 2021 साली काही शिकाऱ्यांनी छोटी शिडी लावून, खासगी जमिनीला पाय न लावता, असा कोपरा ओलांडला तेव्हा शेजारच्या जमीनमालकाने त्यांच्यावर दावा केला आणि 2025 च्या मार्चमध्ये संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी 1921 मध्ये ज्या खोऱ्याने सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, त्या मुळशीच्या वाचकाला जमिनीच्या एका टोकाला एवढे मोल का, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी तयारी शरीराची, आणि ती कागदपत्रांहून अवघड आहे. एल्कचे रान बहुधा अडीच हजार ते तेहतीसशे मीटर उंचीवर असते, तर महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरच आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी जवळपास एक किलोमीटर वर गेल्यावर हे रान सुरू होते. तिथे हवा विरळ असल्याने धाप लागते, डोके दुखते, झोप उडते, म्हणून अनुभवी शिकारी उन्हाळ्यापासूनच पाठीवर ओझे घेऊन चढ चढण्याचा सराव ठेवतात आणि हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी डोंगरावर मुक्काम करून अंगाला उंचीची सवय लावतात.

याच काळात रानाची पाहणी होते. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा महिना असून तेव्हा नर शिळेसारखा लांबलचक आवाज काढतात, त्यामुळे त्यांचा ठावठिकाणा सहज लागतो; पण रायफलीचे हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतात आणि तोवर थकलेले नर माद्यांपासून दूर, उत्तर उतारावरच्या दाट सूचिपर्णी झाडीत, रस्त्यापासून शक्य तितक्या लांब जाऊन गप्प बसलेले असतात. त्यांना शोधणे म्हणजे उजाडण्याच्या सुमारास समोरच्या डोंगरावर, तिकाटण्यावर दुर्बीण लावून, गवताळ मोकळ्या जागांच्या कडा तासन्‌तास निरखत बसणे होय. वाऱ्याचे भान तर क्षणभरही सोडता येत नाही. रात्री गार झालेली जड हवा पहाटे दरीच्या दिशेने खाली वाहते. ऊन उतारावर पडून जमीन तापली की तीच हवा उलटून वर चढू लागते आणि संध्याकाळी सावली पडताच पुन्हा खाली वळते. म्हणून सकाळी सावजाच्या खालच्या अंगाने चढणाऱ्याने ऊन येण्याआधी आपली जागा बदलली नाही, तर त्याचा वास वर पोहोचतो आणि दिसण्याआधीच सगळा कळप डोंगराआड होतो. काही जण लहानशा बाटलीतून बारीक भुकटी हवेत उडवून वाऱ्याची दिशा दर काही पावलांनी पाहत राहतात. सह्याद्रीत वाऱ्याचा रोख पाहून पारधीला बसणाऱ्या जुन्या जाणत्यांनाही ही विद्या अनोळखी वाटली नसती.

रायफलीविषयीचे नियम काटेकोर आहेत. कोलोराडोत एल्कसाठी नळीचा व्यास किमान सहा मिलिमीटर लागतो. 1949 पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाने शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आणि रायफलीच्या हंगामात टोपीसह किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर असावे लागते, जेणेकरून एका शिकाऱ्याला दुसरा माणूस म्हणूनच दिसावा. हौशी माणूस नेमबाजी मैदानात टेबलावर रायफल टेकवून नेम जुळवतो, परंतु डोंगरात टेबल नसते, तेव्हा बसून, पालथे पडून, पाठपिशवीवर नळी टेकवून आणि धाप लागलेली असताना नेम कसा बसतो, हे पाहणे हीच खरी तयारी. खांद्यामागच्या फुप्फुसांवर खात्रीने गोळी बसेल तेवढ्याच अंतरावरून बार टाकावा आणि त्यापलीकडे सावज सोडून द्यावे, हा दंडक कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा महत्त्वाचा आहे. येथे कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी व्यक्तीला बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

बार यशस्वी झाला की टॅग फाडून, त्यावर सही व तारीख घालून तो धडाला बांधावा लागतो आणि प्राणी नर असल्याची खूण मांसासोबत ठेवावी लागते. नंतरचे काम सर्वांत कष्टाचे. जाड कातडीखाली उष्णता कोंडून मांस बिघडते म्हणून ताबडतोब कातडी सोलून, चारही पाय वेगळे करून ते सुती पिशव्यांत सावलीला टांगतात. हाडे काढल्यावरही शंभर किलोच्या आसपास मांस उरते आणि ते पाठीवरून गाडीपर्यंत नेण्यास एकट्याला चार-पाच खेपा सहज पडतात. म्हणूनच जाणता शिकारी बार टाकण्याआधी रस्ता किती दूर आहे याचा विचार करतो. खाण्याजोगे मांस रानात टाकून केवळ शिंगे नेणे हा येथे गुन्हा आहे. हरणांना मेंदूचा एक असाध्य, झिजवणारा रोग होतो, जो 1967 मध्ये कोलोराडोतच प्रथम आढळला. त्यामुळे खाते काही युनिटांतून डोक्यांचे नमुने तपासणीसाठी मागवते. म्हणजे शिकाऱ्याच्या हातून खात्याला माहितीही मिळते.

मुळशीत ही व्यवस्था जशीच्या तशी आणावी असे कोणी म्हणू नये. 2013 मध्ये घोषित झालेले ताम्हिणी अभयारण्य सुमारे 50 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे तिथल्या सांबरांना आणि भेकरांना कोलोराडोतील एल्कच्या मानाने मूठभर रान उरले आहे आणि तिथे बंदी हेच योग्य धोरण आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांपुरती कायद्यात वेगळी तरतूद असून त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. कोलोराडोकडून घेण्याजोगी गोष्ट आहे ती मोजणीच्या शिस्तीची: तिथे कळपांचे अंदाजित आकडे दरवर्षी छापले जातात आणि त्यांवर कोणालाही प्रश्न विचारता येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणिगणनेचे ताम्हिणीपुरते आकडे लगतच्या गावांच्या ग्रामसभांपुढे दरवर्षी मांडले जावेत, अशी मागणी मुळशीच्या ग्रामस्थांनी पुढच्या ग्रामसभेतच लेखी नोंदवावी.