युद्धाचा निर्णय कोणाचा?

अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाला आणि तिसऱ्याच दिवशी तिथल्या संसदेने अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची परवानगी दिली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध एक. ते एक मत होते कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. आपण कोरा धनादेश देत आहोत, असा त्यांचा आक्षेप होता. तो खरा ठरला. ठरावाला ना मुदत होती, ना प्रदेशाची मर्यादा. त्याच्याच आधारे पुढे येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत कारवाया झाल्या. सोमालियातील अल-शबाब तर २००१ मध्ये अस्तित्वातही नव्हती.

युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने संसदेला दिला आहे, सेनापतिपद अध्यक्षांना. सत्ताधाऱ्याला युद्धाचा मोह लवकर होतो, हे ओळखून घटनाकार जेम्स मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विभागणी जाणूनबुजून केली. प्रत्यक्षात संसदेने शेवटचे युद्ध पुकारले ते १९४२ मध्ये. कोरियात अध्यक्ष ट्रुमन यांनी १९५० मध्ये संसदेला न विचारताच सैन्य उतरवले. व्हिएतनाममध्ये १९६४च्या एका घाईच्या ठरावावर वर्षानुवर्षे लढाई चालली आणि ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले.

त्या जखमेतून १९७३ चा युद्धाधिकार कायदा आला. सैन्य धाडल्यावर ४८ तासांत संसदेला कळवायचे आणि संमती मिळाली नाही, तर साठ दिवसांत कारवाई थांबवायची. माघारीसाठी फार तर आणखी तीस दिवस. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने तो मंजूर केला. पण पळवाटा राहिल्याच. लिबियात २०११ मध्ये साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनाने सांगितले, की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, त्यामुळे कायद्याला अभिप्रेत असलेली ही लढाईच नव्हे. अध्यक्षांकडे न पाठवलेला संसदेचा ठराव बंधनकारक नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३च्या निकालानंतर तर सैन्यमाघारीच्या ठरावावरही अध्यक्षांचा नकाराधिकार चालतो, असेच मानले जाते. येमेनबाबत २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी केलेला ठराव ट्रम्प यांनी असाच फेटाळला.

संसदेने मतदान केले म्हणजे शहाणपण आलेच, असे नाही. इराक युद्धाला २००२ मध्ये संसदेचीच संमती होती. पण १९९१ मध्ये कुवेतच्या मुक्ततेसाठी खडाजंगी चर्चा झाली, सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशी निसटती मंजुरी दिली; उद्दिष्ट नेमके होते आणि युद्ध सहा आठवड्यांत थांबले. उघड चर्चेत तीन प्रश्न टाळता येत नाहीत: लढायचे कशासाठी, किंमत किती आणि थांबायचे कधी?

दुरुस्तीची वाट अमेरिकेला ठाऊक आहे. ख्रिस मर्फी, माइक ली आणि बर्नी सँडर्स या तीन भिन्न विचारांच्या सिनेटरांनी २०२१ मध्ये विधेयक आणले होते: साठऐवजी वीस दिवस आणि संमती नसेल तर पैसा आपोआप बंद. ते पुढे सरकले नाही. पण तिजोरीची किल्ली आजही संसदेकडेच आहे. तिने १९७३ मध्ये निधी रोखला आणि कंबोडियावरची बॉम्बफेक थांबली. अधिकार हिरावले गेले, ही तक्रार त्यामुळे अपुरी आहे. मतदारांसमोर जबाबदारी नको म्हणून खासदारांनीच ते वापरायचे सोडले आहेत. आपल्या मुलांना रणांगणावर पाठवणाऱ्या देशाच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी नाव लावून मत द्यावे, ही मागणी मुळीच जास्त नाही.