आधी पकड, मग वेग

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

रिमोटवर चालणारी मोटारगाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतल्या दुकानात मांडलेले खेळणे येते. सेल घालावेत, चार दिवस ती गाडी घरभर धावावी आणि पाचव्या दिवशी तिने कपाटावर जाऊन बसावे, हा तिचा ठरलेला प्रवास. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, ती दिसायला तशीच असली तरी जातीने वेगळी आहे. खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची, सुमारे १९ सेंटिमीटर रुंद आणि दीड किलोच्या आसपास वजनाची ही विजेवर चालणारी ‘टूरिंग कार’. ती सुट्या भागांच्या रूपात मिळते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आपणच जोडायची, बिघडली तर आपणच खोलायची आणि डांबरी किंवा सपाट मैदानावर शर्यतीत पळवायची.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि या छंदाला जगभर वाट मिळाली. त्याच कंपनीची २००३ सालची टीटी-०१ आणि २०१३ सालची टीटी-०२ या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या, नवशिक्यांना परवडतील अशा गाड्या. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांमुळे मुलांना या प्रकाराची ओढ लागली. अशी गाडी घरात आली की महिन्याभरात मुलगा वडिलांकडे पहिली मागणी करतो, ती मोठ्या मोटरची. ‘बाबा, हिला वेगच नाही!’ याच ठिकाणी पैसे वाया जायला सुरुवात होते. म्हणून प्रश्न असा, की गाडी शर्यतीलायक करायची तर कोणता बदल आधी आणि कोणता नंतर?

थोडे गणित करू. टीटी-०२ मध्ये मोटरवरच्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, २२ दाते असतात आणि त्याला जुळणाऱ्या मोठ्या गिअरला ७०. आतल्या दंतचक्रांचे गुणोत्तर २.६ आहे. सत्तर भागिले बावीस, गुणिले २.६, म्हणजे सुमारे ८.२७. मोटर सव्वाआठ वेळा फिरली की चाक एकदा फिरते. मूळची साधी मोटर मिनिटाला १५ हजार फेरे घेते असे धरले, तर चाकाचे सुमारे १८०० फेरे होतात. चाकाचा परीघ साधारण २० सेंटिमीटर. हिशेब केला की वेग येतो ताशी २२ किलोमीटर. मोटर बदलून २२ हजार फेरे मिळवले, तर तोच वेग ताशी ३२ वर जातो.

आता २० मीटरची सरळ पट्टी घ्या. जुनी मोटर ती सव्वातीन सेकंदांत पार करते, नवी सव्वादोन सेकंदांत. फायदा एका सेकंदाचा. पण पट्टीच्या शेवटी वळण असते. वेग दीडपट झाला की त्याच वळणावर टायरकडून सव्वादोनपट पकड मागितली जाते, कारण हा हिशेब वेगाच्या वर्गाने वाढतो. टायर तेच, स्प्रिंगा त्याच. एवढी पकड येणार कुठून? गाडी गिरकी घेते, उलट्या तोंडाने थांबते आणि कमावलेल्या एका सेकंदाच्या बदल्यात चार-पाच सेकंद घालवते.

यंत्रमागाच्या या शहरात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मागाचे बुश झिजलेले असताना त्याचा वेग वाढवला तर कापड जास्त निघत नाही, धागे मात्र जास्त तुटतात. जाणता जॉबर आधी ढिलाई काढतो, तेलपाणी पाहतो आणि मग वेगाला हात लावतो. गाडीचेही तसेच.

पहिला खर्च करावा बेअरिंगवर. सुरुवातीच्या अनेक किटमध्ये आस प्लास्टिकच्या बुशमध्ये फिरतात. त्या जागी ११ मिलिमीटर बाहेरच्या आणि ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची छर्ऱ्यांची बेअरिंग बसवली की चाक बोटाने फिरवल्यावरच फरक कळतो. घर्षण घटल्याने वेग थोडा वाढतो, बॅटरी जास्त पुरते आणि मोटर थंड राहते. बेअरिंग दोन तऱ्हेची मिळतात, पत्र्याच्या झाकणाची आणि रबराच्या झाकणाची. पत्र्याची किंचित हलकी फिरतात, पण आपल्याकडच्या काळ्या मातीची पिठासारखी धूळ त्यांत सहज शिरते. सोलापुरात रबराची बरी.

दुसरा क्रम शॉक अॅब्सॉर्बरचा. स्वस्त किटमध्ये नुसती दांडी, स्प्रिंग आणि थोडे ग्रीस असते. खड्ड्यावरून गेलेले चाक उसळते आणि उसळतच राहते. चाक हवेत असेपर्यंत पकड शून्य. तेलाच्या शॉकमध्ये छिद्रे असलेला दट्ट्या सिलिकॉन तेलातून सरकतो आणि ती उसळी जिरवतो. उन्हात तेल पातळ होते, म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल घालावे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल म्हणजे टायर. गाडी आणि रस्ता यांची भेट होते ती फक्त अंगठ्याएवढ्या चार ठिकाणी. बाकी सारे सुटे भाग त्या चार ठिपक्यांच्या सेवेसाठी आहेत. डांबरासाठी रबराचे, आत फोम भरलेले टायर घेतात आणि ते रिमला चिकटवून टाकतात. रबराचा मऊपणा सहसा क्रमांकावरून कळतो. २४ क्रमांकाचे मऊ, ३६ चे कठीण. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि डांबर तर त्याहून कितीतरी अधिक तापते. तेव्हा मऊ टायर पहिली दोन मिनिटे छान धरतो आणि मग तापून लोण्यासारखा घसरू लागतो. शर्यत साधारण पाच मिनिटांची असते, म्हणजे अर्ध्याहून अधिक शर्यत घसरण्यातच जाते. उन्हाळ्यात ३६, थंडीतल्या सकाळी २४ किंवा २८, असा साधा हिशेब ठेवावा. आणि बिनखर्चाची सुधारणा विचाराल तर ती आहे केरसुणी! गाडी सोडण्याआधी मैदान झाडून घ्या. धुळीवर महागडा टायरही निरुपयोगी.

यानंतर येते जुळवणी. तिला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. मागची दोन्ही चाके पुढच्या अंगाला दोन-तीन अंश आत वळवली की गाडी सरळ पट्टीवर आणि वळणातून बाहेर पडताना स्थिर राहते. चारही चाकांची वरची कड एक-दीड अंश आत झुकवली की वळणात टायर पूर्ण रुंदीने टेकतो. गुळगुळीत ट्रॅकवर गाडीचे पोट जमिनीपासून पाच-साडेपाच मिलिमीटर ठेवतात. आपल्या खडबडीत डांबरावर ते सात-आठ मिलिमीटर असू द्यावे, नाहीतर चॅसीच रस्ता घासत जाते. स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढिलाईही काढावी. हातातले चाक सोडल्यावर पुढची चाके दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असतील, तर चालवणारा कितीही तरबेज असो, गाडी सरळ जाणार नाही.

डिफरन्शियलचेही पाहावे. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी ही सोय. पण ती फार सैल असली तर सगळी शक्ती हलक्या झालेल्या आतल्या चाकाकडे पळते आणि ते जागच्या जागी फिरत राहते. पुढच्या डिफरन्शियलमध्ये घट्ट चिकट ग्रीस भरून ते आवळावे आणि मागचे सैलच ठेवावे. मागचे आवळले तर गाडीची शेपूट सुटते.

एवढे झाले की मग मोटर. शेतातल्या पंपाची मोटर रिवाइंड करणाऱ्या कारागिराला तांब्याच्या तारेच्या फेऱ्यांचे महत्त्व ठाऊक असते. इथेही मोटरची ओळख फेऱ्यांवरूनच होते. मूळची ब्रशची मोटर सुमारे २७ फेऱ्यांची. ब्रशलेस मोटरी २१.५, १७.५, १३.५ अशा मिळतात. फेरे कमी तितका वेग जास्त आणि ती वीजही तितकीच जास्त ओढते. नवशिक्याने १७.५ च्या खाली उतरण्याची घाई करू नये. ब्रशलेस मोटरला तिचा वेगळा स्पीड कंट्रोलर लागतो, तो खर्च आधीच धरावा.

मोटर बदलली की सुरुवात लहान पिनियनने करावी आणि दोन मिनिटे पळवून मोटरचे तापमान मोजावे. ते ८० अंशांच्या आत राहायला हवे, नाहीतर चुंबकाची ताकद कायमची कमी होते. समजा, डिसेंबरात हवा २५ अंश असताना मोटर ७५ अंशांवर थांबली. म्हणजे तिने स्वतःची ५० अंशांची भर घातली. तीच गाडी, तोच पिनियन, पण मे महिन्यात हवाच ४२ अंश. मोटर पोहोचणार ९२ वर! परदेशी पुस्तिकेतला गिअर आपल्या उन्हात जसाच्या तसा चालत नाही, तो असा. उन्हाळ्यात पिनियनचे दोन-तीन दाते कमी करावेत.

आता सर्वांत गंभीर गोष्ट, बॅटरी. जुन्या निकेल बॅटरीच्या जागी हल्ली लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो, वापरतात. दोन घटांची ही बॅटरी ७.४ व्होल्टची. हलकी आणि जोरकस, पण तिच्याशी हयगय चालत नाही. प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू नये. तिला लायपोचाच, दोन्ही घट समतोल भरणारा चार्जर हवा. ४००० एमएएचची बॅटरी ४ अँपिअरवर भरावी. काही दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टवर ठेवावा. कठीण कवचाची बॅटरी घ्यावी. चार्जिंग नेहमी फरशीवर करावे, गादीवर किंवा चादरीवर कधीही नाही, आणि लावून झोपी जाऊ नये. मे महिन्यातल्या बंद मोटारीत ती विसरू नये. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. जवळ वाळूची बादली असू द्यावी. हा खर्च परवडत नसेल तर निकेल बॅटरीवरच राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

रेडिओचा प्रश्न मात्र सोपा झाला आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर दोघांची क्रिस्टल एकच निघाली की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी वेडीवाकडी धावे. २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आजचे रिमोट त्याच पट्ट्यावर चालतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. संदेश तुटला तर गाडी आपोआप थांबेल, ही सोय मात्र रिमोटमध्ये लावून घ्यावी.

कारण ही गाडी खेळणे राहिलेली नसते. ताशी ३२ किलोमीटर वेगाची दीड किलोची गाडी म्हणजे चार मीटर उंचीवरून पडणारा दीड किलोचा दगड. तिला पुढे फोमचा बंपर हवाच आणि ती रहदारीच्या रस्त्यावर, लहान मुले खेळतात तिथे कधीही सोडू नये. सुटीच्या दिवशी महाविद्यालयाचे वाहनतळ परवानगी घेऊन वापरावे, चारी बाजूंनी जुने टायर किंवा लाकडी पट्ट्या मांडाव्यात आणि बघ्यांना त्यांच्या पलीकडे उभे करावे.

शेवटी एक वही करावी. तारीख, हवेचे तापमान, टायर, तेल, पिनियन, दहा फेऱ्यांची वेळ आणि मोटरचे तापमान. एका वेळी एकच बदल करावा, वेळ घ्यावी, लिहून ठेवावी. दोन बदल एकदम केले तर फायदा कशाने झाला हे कधीच कळत नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद याच सोलापुरात जन्मले. खऱ्या मोटारीचा कारखाना असो की टेबलावरची छोटी गाडी, मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे. मुलगा मोठी मोटर मागायला आला तर त्याला नाही म्हणू नका. ‘आधी वही दाखव,’ एवढेच म्हणा.