रोवलेल्या दातानं ऊस कधी सोलायचा?

श्रीगोंदा तालुका उसाचा. गळीत हंगामात दातानं ऊस सोलून खाण्याचं इथं कुणाला अप्रूप नाही. म्हणून दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलेला माणूस विचारतोच, "डॉक्टर, ऊस कधीपासून?" उत्तर चुकलं तर हजारो रुपयांचं इम्प्लांट हातात येतं.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. पहिल्या दिवशी तो घट्ट असतो, पण नुसता आवळलेला म्हणून. पुढं भोवतालचं जुनं हाड थोडं झिजतं आणि नवं हाड हळूहळू टायटॅनियमला धरतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैलावलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, आणि माणूस त्या बाजूनं चावू लागतो! स्क्रू सारखा हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू भरतात. मग तो कधीच धरत नाही.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि भुसभुशीत हाडाच्या वरच्या जबड्यासाठी सहा महिने थांबत. पकड तपासायची तर मडकं घेताना वाजवतो तसं ठोकून आवाज ऐकायचा. पण कान फसतो, आणि एक्स-रेतही पकड दिसत नाही.

१९९० च्या दशकात नील मेरेडिथ यांनी कंपनांवरून पकड मोजण्याची पद्धत आणली. आता इम्प्लांटवर चुंबक असलेली छोटी खुंटी बसवतात. यंत्राच्या चुंबकीय स्पंदानं ती थरथरते. पकड जितकी कडक, तितकी थरथर जलद. यंत्र ती १ ते १०० च्या अंकात दाखवतं, त्याला आयएसक्यू म्हणतात. साधारणपणे ६० च्या खाली थांबावं, ७० च्या वर पकड चांगली. मोजायला काही सेकंद लागतात आणि दुखत नाही.

मात्र एकट्या आकड्यावर भुलू नये. पहिल्या दिवशीचा आकडा नोंदवलेला हवा. ५५ वरून ६६ वर चढलेलं इम्प्लांट ७५ वरून ६२ वर घसरलेल्यापेक्षा भरवशाचं. यंत्र नसेल तिथं ठरलेले महिने थांबणंच शहाणपणाचं. रक्तातली साखर चढलेली असेल किंवा बिडी सुटत नसेल, तर हाड भरायला वेळ लागतो. मिश्रीचं बोट त्याच जखमेवर फिरतं, हेही डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि ऊस? नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती दाब झेलणारी तंतूंची गादी असते, इम्प्लांटला ती नसते. त्यामुळे जोर जास्त झाला तरी लवकर कळत नाही. पक्का दात बसल्यावर डॉक्टरांना विचारून करवे जरूर खावेत. सोलायचं काम मात्र कोयत्याकडेच ठेवावं.