डिमेन्शियाचा भार कोणी उचलायचा?

डिसेंबर 2007 मध्ये जपानच्या ओबु शहरात डिमेन्शिया झालेले 91 वर्षांचे एक गृहस्थ एकटेच घराबाहेर पडले आणि रेल्वेगाडीखाली सापडून दगावले. 85 वर्षांच्या पत्नीला जरा डुलकी लागली होती. गाड्यांना उशीर झाला म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे 72 लाख येनची भरपाई मागितली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला; पण जबाबदारी घरच्यांची नाही, तर कोणाची, हा प्रश्न उरलाच. कोबे शहराने 2019 मध्ये उत्तर दिले. तिथे 65 वर्षे आणि त्यावरील नागरिकांची डिमेन्शियाची तपासणी मोफत होते, निदान झालेल्या व्यक्तीकडून अपघाताने कोणाचे नुकसान झाल्यास विमा भरपाई देतो आणि या सगळ्यासाठी करदात्यांवर वर्षाला 400 येनचा जादा कर बसवला गेला. एका घराला चिरडणारा भार शहराने वाटून घेतला.

त्यापेक्षा आजारच टाळावा, असे कोणी म्हणेल. जपान सरकारलाही तसेच वाटले होते. सत्तरीतल्या लोकांमधले डिमेन्शियाचे प्रमाण 6 वर्षांत 6 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट 2019 मध्ये मांडले गेले. ज्यांना आजार होईल त्यांच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसेल, असा आक्षेप रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी घेतला आणि सरकारने ते उद्दिष्ट मागे घेतले. पण एवढ्यावरून प्रतिबंध फोल ठरत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये 14 धोके दाखवले, ते दूर झाले तर 45 टक्के रुग्णांमध्ये आजार टळू किंवा लांबणीवर पडू शकतो. मात्र त्यांत अपुरे शालेय शिक्षण, उपचाराविना राहिलेला बहिरेपणा, हवेचे प्रदूषण, एकाकीपणा आहे. हे एकट्याच्या हातात नाही. उद्दिष्टे ठरवायचीच तर सरकारच्या कामाची ठरवावीत: किती जणांना श्रवणयंत्र मिळाले, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. जपान श्रीमंत आहे आणि आपल्याकडे कुटुंब आहे, असे म्हटले जाते. पण कुटुंब म्हणजे बहुतेकदा पत्नी, सून किंवा लेक. तिची सुटलेली नोकरी आणि मोडलेली झोप सरकारी हिशेबात येत नाही. आपल्याकडे तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत होतेच. त्याच तपासणीला कान आणि स्मरणशक्तीची तपासणी जोडावी, तालुक्याला एक दिवसभराचे देखभाल केंद्र द्यावे. सुरुवातीला एवढे पुरे. सरकारने हा खर्च केला नाही म्हणून तो वाचत नाही. तो घरातल्या त्या बाईला एकटीने भरावा लागतो.