साक्षीच्या सह्या, हजेरीच्या सह्या

महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हातावेगळा केला. लिहिता लिहिताच त्यातला मजकूर त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांना वाचून दाखवला होता. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर या गावांच्या जोडीला त्यांनी जुन्नर आणि ओतूर ही नावे घेतली आहेत. तिथल्या मंडळींनी ग्रंथ त्यांच्या तोंडून ऐकला आणि यातले म्हणणे खरे आहे, अशा सह्या पाठवल्या, हे फुल्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला होता. मला मात्र महाराजांपेक्षा ओतूरकरांच्या सह्यांचे अप्रूप जास्त वाटते. सारा, सावकार, कोर्टाचे हेलपाटे हे सगळे ज्यांनी सोसले होते, त्यांनी बोलणाऱ्याचे बोलणे आपल्या अनुभवावर घासून पाहिले आणि मगच सही केली.

सह्या आजही होतात. महाविद्यालयात व्याख्यान अर्ध्यावर आले की मागच्या बाकावरून एक कागद सरकत पुढे येतो. अनुक्रमांक, नाव, वर्ग, सही असे रकाने असतात. बाहेर चहा प्यायला गेलेल्या मित्राची सही शेजारचा करून टाकतो. आम्ही होतो, एवढेच त्या सहीतून कळते. वक्ता काय बोलला, ते पटले का, कुणी काही विचारले का, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत पाहुणा वक्ता या संस्थेचे आपल्याकडे काय झाले, ते या दोन सह्यांमधल्या अंतरात दिसते.

दिवाळीची सुट्टी संपली की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. जुन्नरचे श्री शिव छत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे, मंचरचे अण्णासाहेब आवटे, घोडेगावचे बी. डी. काळे, शिवाय फार्मसी, अभियांत्रिकी, अध्यापक विद्यालये वेगळी. चर्चासत्रे, कार्यशाळा, स्नेहसंमेलने, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, कारखान्यांचे ऊस मेळावे, पतसंस्थांची प्रशिक्षणे चालू होतात. शालींचे गठ्ठे येतात. नारळवाल्याला आगाऊ सांगून ठेवावे लागते.

या गर्दीत एक उपक्रम मुळात वेगळ्या हेतूने सुरू झालेला आहे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावी चालते. बहुधा तीन दिवस आणि तीन वक्ते असतात. श्रोते केवळ विद्यार्थी नसावेत, ज्यांना महाविद्यालयाचे तोंड पाहता आले नाही त्यांच्यापर्यंत विद्यापीठाने जावे, ही त्यामागची कल्पना. ती आपल्याकडे विलायतेतून आली. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली हे काम रीतसर हाती घेतले. त्याआधी जेम्स स्टुअर्ट नावाचा तिथलाच तरुण अध्यापक उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत व्याख्याने देत हिंडत होता.

त्याची एक गोष्ट इथल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम ऐकावी, कारण ती रॉचडेलची आहे. विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याच्या सभासदांसमोर सहकारावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता १८४४ सालच्या रॉचडेलच्या विणकरांपासून सुरुवात करतो. त्याच सहकारी मंडळींच्या सभागृहात स्टुअर्टचे व्याख्यान होते. एकदा त्याला परतायची घाई होती. भिंतीवरचे आकृत्यांचे तक्ते पुढच्या खेपेपर्यंत तसेच राहू द्या, असे सांगून तो गेला. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा सभागृह सांभाळणारा खुशीत होता. सभासदांनी ते तक्ते पाहत आपसांत चर्चा केली होती, त्यातून बरेच प्रश्न निघाले होते आणि ते विचारायला मंडळी व्याख्यानाच्या आधीच येणार होती. तेव्हापासून व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग ठेवायची पद्धत पडली. विद्यापीठाबाहेरच्या शिक्षणातला खरा शोध भाषणाचा नव्हता. भाषणे चर्चमध्येही होत होती आणि आपल्याकडे कीर्तनातही. नवे होते ते श्रोत्याला तयारीनिशी विचारू देणे.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे महाराष्ट्रभर वसंत, शरद, हेमंत असे सगळे ऋतू व्याख्यानांनी भरले. भाषण आपण उचलले. वर्ग मात्र तिकडेच राहिला.

आता आजचा कार्यक्रम जवळून पाहू. पत्रिकेवर वेळ अकराची असते. पाहुणे पुण्याहून निघालेले, खेडच्या पुढे कुठेतरी आहेत, असा निरोप येतो. मुले साडेदहापासून बसवून ठेवलेली असतात. पाहुणे आले की आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. त्यानंतर परिचय: व्हॉट्सॲपवर मागवलेला दोन पानी मजकूर सूत्रसंचालक पुरस्कारांसह वाचतो. शाल, श्रीफळ, रोप, सन्मानचिन्ह. अध्यक्षांचा सत्कार, संस्थेच्या विश्वस्तांचा सत्कार, ऐनवेळी आलेल्या सरपंचांचाही सत्कार. पाहुणे माइकपाशी येतात तेव्हा साडेबारा होऊन गेलेले असतात आणि मधल्या सुट्टीचा डबा सगळ्यांना आठवत असतो. ‘वेळेअभावी थोडक्यात’ अशी सुरुवात करून ते पाऊण तास बोलतात. अध्यक्षीय समारोप, आभार, राष्ट्रगीत. प्रश्न? ‘ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी सरांना नंतर भेटावे.’ नंतर सर जेवायला जातात.

याचा दोष एकट्या महाविद्यालयांना देणे बरोबर नाही. १९९४ साली महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आली. मूल्यांकन हवेच होते. पण मूल्यांकन आले तशी फाइल आली. प्रत्येक अतिथी व्याख्यानाचे परिपत्रक, पत्रव्यवहार, हजेरीपत्रक, अभिप्राय, अहवाल आणि अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो तिला लागतात. फोटोत फ्लेक्स दिसला पाहिजे, फ्लेक्सवर तारीख दिसली पाहिजे. विद्यार्थ्याने विचारलेल्या एका अडचणीच्या प्रश्नाचा फोटो काढता येत नाही, म्हणून तो फाइलमध्ये जात नाही आणि हळूहळू कार्यक्रमातूनही जातो. प्राध्यापक मंडळींना हे कळते. पण अहवाल त्यांनाच लिहायचा असतो.

सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात दुपारचे ‘बौद्धिक’ हा तर सोशिकपणाचाच प्रकार. सकाळभर बंधारा किंवा रस्त्याचे काम, मग पोटभर भात-आमटी, आणि अडीच वाजता देवळाच्या सभामंडपात ‘युवकांपुढील आव्हाने’. पहिल्या रांगेतली चार मुले जागी असतात, तीही गटप्रमुख म्हणून.

जुन्नर तालुक्यातच, याच महिन्यांत, दुसऱ्या एका प्रकारची व्याख्याने होतात आणि तिथे कुणी झोपत नाही. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. द्राक्षावर चर्चासत्र असले की गावोगावचे बागायतदार येतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ किंवा नाशिककडचा एखादा जाणता बागायतदार वक्ता असतो. सत्कार इथेही होतो, पण आटोपता. वक्ता दहा मिनिटे सर्वसाधारण बोलला की मागून कुणीतरी उठतो आणि पिशवीतून पान काढतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. वक्ता पान उजेडाकडे धरतो आणि पहिला प्रश्न तोच विचारतो: छाटणीला किती दिवस झाले? मग फवारणी कोणती, पाऊस कधी झाला, कॅनॉपी किती दाट आहे. डाऊनीवरचे, म्हणजे केवडा रोगावरचे, व्याख्यान त्या एका पानावरून पुढे सरकते. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि निर्यातीचा माल अडकला, तेव्हापासून औषधाच्या अंशांवरचा तासही असाच कान टवकारून ऐकला जातो. चुकीचे ऐकले तर कंटेनर परत येतो, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे.

एक सावधगिरी मात्र इथेही हवी. मंडप आणि जेवण औषध कंपनीचे असेल तर वक्त्याचे शेवटचे वाक्य कंपनीच्या बाटलीवर येऊन थांबते. जुने बागायतदार ते ओळखतात, नवे फसतात. हा पाहुणा कुणाच्या खर्चाने आला, हे फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात न लिहिता माइकवरून सांगावे.

पाहुण्याचे मोल आणखी एका ठिकाणी कळते: जे गावातला माणूस बोलू शकत नाही ते बोलण्यात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. पिंजरे लावा, पकडा, लांब नेऊन सोडा, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत होती आणि तसे केलेही गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाचा अभ्यास करून जे मांडले ते कुणालाच ऐकायचे नव्हते. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. निवडणूक लढवणारा हे वाक्य बोलू शकत नाही. ज्याच्या भावकीतले पोर गेले आहे त्याला ते बोलवत नाही. ते बाहेरून आलेल्या, अभ्यास हाती असलेल्या माणसानेच बोलावे लागते आणि त्याला शिव्या खाव्या लागतात. आता माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि वन विभागाची माणसे शाळांतून सांगत असतात की अंधारात एकटे जाऊ नका, शेतात वाकून काम करताना सोबत ठेवा, मोबाइलवर गाणी लावा. ‘जीवनात ध्येय कसे गाठावे’ या भाषणापेक्षा उसाच्या कडेने शाळेत येणाऱ्या पोराला ही वीस मिनिटे जास्त उपयोगी पडतात. माझे मत विचाराल तर ज्या व्याख्यानानंतर आयोजकांना थोडी तरी घालमेल होत नाही, त्यासाठी पाहुणा कशाला आणायचा? तेवढे तर प्राचार्यही बोलू शकतात.

जुन्नर तालुक्यातल्याच खोडदची रीत आणखी निराळी. तिथली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे आसपासच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग मांडून उभी असतात. शास्त्रज्ञ टेबलापाशी येतो, वाकून पाहतो आणि विचारतो: हे असे का होते? बोलायचे पोरीला असते आणि ऐकायचे पाहुण्याला. मंच नसल्यामुळे पाहुणा उंचावर बसत नाही, एवढा साधा फरक. पण त्यामुळे आठवीतली मुलगी शास्त्रज्ञाला ‘नाही सर, तसं नाहीये’ म्हणू शकते.

आता पैशाकडे वळू, कारण या विषयावर आपण फार सोवळे असतो. जुन्नरच्या नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणत्या यज्ञाला किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणे दक्षिणा दिली, ते त्यात आकड्यांनिशी कोरले आहे. इतके उघड मानधन पुढे कुणी जाहीर केले नाही. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात. जत्रा कमिटीचे लोक येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, कागद होतो. फडमालकाला आपण किती मिळवणार ते ठाऊक असते. फक्त व्याख्यात्याला ते ठाऊक नसते. त्याला निघताना एक बंद पाकीट मिळते, तेही जिन्यात. कधी त्यात पेट्रोलचेही पैसे नसतात, कधी वक्ता एवढा मोठा असतो की वर्षाचा निधी एका संध्याकाळी संपतो. परिणामी ज्यांना दोन विनोद, एक शेर आणि आईवरची एक रडवणारी गोष्ट पाठ आहे, त्यांची चलती होते. लोकांना ते आवडते, हे खरे. पण गावात सप्ताह असतो, तिथले कीर्तनकार हे काम वक्त्यांपेक्षा कितीतरी चांगले करतात.

आणि बोलावतो कुणाला? बायकांना ३ जानेवारी आणि ८ मार्चला. विषय ठरलेला: स्त्री. आम्हाला त्याच्यापलीकडे माती, पाणी, कर, कायदा यातलेही काही कळते, असे एखादीने सुनावायला हवे. आदिवासींची गत याहून वाईट. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडे, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर आणि भीमाशंकरच्या रानात, महादेव कोळी बायका हिरडा गोळा करतात. बाळहिरडा कधी पाडायचा, तो कसा वाळवायचा, कुठला कंद उकळून पाणी टाकून दिल्याशिवाय खायचा नाही, हे त्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात रानभाजी महोत्सव होतात, तिथे या बाया भाज्या मांडून टेबलामागे उभ्या असतात आणि मंचावरून त्या भाज्यांवर दुसरेच कुणी बोलते. फार्मसीच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या चर्चासत्रात हिरड्यावर निबंध वाचले जातात. हिरडा वेचणारी पाहुणी म्हणून खुर्चीवर बसलेली मी पाहिलेली नाही.

यंदाच्या हंगामात पत्रिका छापायला टाकण्याआधी आयोजकांनी एवढे करावे. विषय आठवडाभर आधी वर्गात सांगून प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते पाहुण्यांना पाठवावेत. सत्कार एकाचाच करावा, तोही शेवटी. अर्धा तास प्रश्नांना राखावा आणि विचारणारी पहिली व्यक्ती विश्वस्त नसावी. एका तरी व्याख्यानाला आहुप्याकडची किंवा नाणेघाटाच्या अंगची एखादी जाणती बाई बोलवावी. तिला मंचावर संकोच वाटत असेल तर समोर हिरडे, कंद ठेवून मुलांनी तिला विचारावे, ती उत्तरे देईल. तिला आणायला गाडी पाठवावी, आणि त्या दिवशी तिचा रोज बुडतो हे लक्षात ठेवून मानधनाचा आकडा निमंत्रणाच्या पत्रातच लिहावा.